दुसरी जागा आणि पहिला हक्क

नोकरी सुटली असता मनुष्यास जी नुकसानभरपाई मिळते ती त्याच्या गरजेपोटी की त्याच्या हक्कापोटी, हा प्रश्न वरवर पाहता कायदेपंडितांचा व हिशेबनिसांचा वाटतो. परंतु तो तसा नाही. ज्या घरातील कर्ते माणूस वीस-पंचवीस वर्षे एका संस्थेत राबले, आणि एके दिवशी ‘आपली जागा यापुढे राहणार नाही, मात्र दुसऱ्या एका जागी आपणांस सामावून घेण्यास आम्ही तयार आहोत’ असे पत्र घेऊन घरी परतले, त्या घरात त्या रात्री जी बोलणी होतात त्यांत हाच प्रश्न निरनिराळ्या वेषांत उभा राहतो. वडीलधारी मंडळी म्हणतात, मिळते आहे ते घ्यावे, हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये. घर चालविणारी विचारते, पगार तरी तोच आहे ना? आणि ज्याच्या हाती ते पत्र आहे तो मात्र मुकाट्याने बसलेला असतो. कारण पगार तोच असूनही आपले काहीतरी गेले आहे हे त्यास कळते, पण ते काय, हे नेमक्या शब्दांत सांगता येत नाही. ते शब्द शोधण्याचा प्रयत्न या लेखात करावा असा आमचा हेतू आहे.

प्रश्न असा मांडता येईल. मालकाने जागा मोडली, परंतु त्याचबरोबर दुसरी जागा देऊ केली. नोकराने ती नाकारली. अशा नोकरास पहिल्या जागेच्या नुकसानभरपाईवर हक्क सांगता येईल काय? मालक म्हणतो, ‘मी त्यास उपाशी ठेवीत नव्हतो, तो आपण होऊन गेला.’ नोकर म्हणतो, ‘मी गेलो नाही, माझी जागा गेली.’ दोघेही आपापल्या परीने खरे बोलत आहेत, आणि म्हणूनच हा प्रश्न नीतिशास्त्राच्या कक्षेत येतो.

या प्रश्नाचा कायद्याच्या अंगाने बारकाईने विचार झाला तो इंग्लंडात. तेथे १९६५ साली, रे गंटर हे मजूरमंत्री असता, जागा मोडल्यामुळे कमी होणाऱ्या नोकरांस द्यावयाच्या रकमेचा स्वतंत्र कायदा झाला. आज तीच व्यवस्था १९९६ च्या नोकरीविषयक हक्कांच्या कायद्यात समाविष्ट आहे. तिचे माप सोपे आहे. सलग दोन वर्षे नोकरी झालेली असावी. मग प्रत्येक पुऱ्या वर्षाबद्दल, बाविशीच्या आतील वर्षास अर्ध्या आठवड्याचे, बावीस ते चाळीसपर्यंतच्या वर्षास एका आठवड्याचे, आणि एकेचाळिसाव्या वर्षानंतरच्या वर्षास दीड आठवड्याचे वेतन धरावे. अशी जास्तीत जास्त वीस वर्षे मोजली जातात, आणि आठवड्याच्या वेतनासही कायद्याने कमाल मर्यादा घातलेली आहे. परंतु याच कायद्यात एक अट आहे. मालकाने जुनी नोकरी संपण्यापूर्वी योग्य अशी दुसरी नोकरी देऊ केली असेल, आणि नोकराने ती अवाजवी कारणाने नाकारली असेल, तर त्याचा रकमेवरील हक्क बुडतो. ‘योग्य’ आणि ‘अवाजवी’ या दोन शब्दांवर तेथील न्यायासनांपुढे गेल्या साठ वर्षांत पुष्कळ खल झाला आहे.

या अटीचा न्याय-अन्याय ठरविण्यापूर्वी भरपाई ही वस्तू मुळात काय आहे, हे ठरविले पाहिजे. याविषयी दोन विचार संभवतात. एकास अन्नछत्राचा विचार म्हणता येईल. मनुष्याची मिळकत थांबली, त्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून समाजाने किंवा मालकाने काही काळ त्यास आधार द्यावा, असा हा विचार आहे. तो दयाळू आहे, परंतु त्याची दृष्टी केवळ पोटापाशी थांबते. जो उपाशी नाही त्यास अन्नछत्रात पान मांडीत नाहीत. त्याचप्रमाणे ज्याच्यापुढे दुसरे काम ठेवले आहे त्यास भरपाई कशाला, असे हा विचार विचारणार. दुसरा विचार ऋणाचा. मनुष्य एखाद्या संस्थेत वर्षानुवर्षे राबतो तेव्हा महिन्याच्या पगाराने त्याचा हिशेब पुरता चुकता होत नाही. त्या कामात त्याचे काहीतरी साठत जाते. त्याची माहिती, त्याचा हात बसणे, त्याच्या शब्दाला असलेला मान, पुढच्या काळाविषयीची निश्चिंतता, हे सारे त्या जागेशी जडलेले असते. जागा मोडणारा ही ठेव मोडतो. म्हणून तिची किंमत तो देणे लागतो.

या दोहोंपैकी खरा विचार कोणता, हे ओळखण्यास एक साधी कसोटी आहे. जागा गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या मनुष्यास दुसऱ्या एखाद्या मालकाकडे आपल्या हिंमतीवर तितक्याच पगाराची नोकरी मिळाली असे समजा. त्यास भरपाई द्यावी की नाही? अन्नछत्राचा विचार ‘नाही’ म्हणेल. इंग्लंडचा कायदा ‘होय’ म्हणतो. १९६९ च्या निकालसंग्रहात छापलेल्या एका खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी याचे कारण स्पष्ट केले आहे. दीर्घकाळ नोकरी केलेल्या कामगाराचा आपल्या नोकरीवर मालमत्तेसारखा हक्क साठत जातो आणि वर्षांगणिक त्याचे मोल वाढते. म्हणून लगोलग दुसरे काम मिळाले तरीही त्यास पुरती रक्कम मिळाली पाहिजे, कारण ती खरोखर त्याच्या दीर्घ सेवेचा मोबदला आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

आमच्या वाचकांस हा विचार परका वाटण्याचे कारण नाही. कित्येकांच्या घरी जुन्या सनदांचे रुमाल अजून जपलेले असतील. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने म्हणजे एका अर्थी कामेच होती. परंतु ती कामे करणाऱ्याचा त्या कामावर हक्क आहे, ही समजूत या देशात शतकानुशतके चालत आलेली होती. १९५० साली मुंबई इलाख्यातील परगणा व कुलकर्णी वतने नष्ट करणारा कायदा झाला, तेव्हा वतनदारांस मोबदला देण्याची तरतूद त्यात ठेवण्यात आली. तो मोबदला देताना अमक्या कुलकर्ण्याचा मुलगा पुण्यास वकिली करतो, सबब त्याचे काही अडलेले नाही, असा हिशेब कायद्याने केला नाही. हक्क गेला म्हणून मोबदला, इतकाच त्यातील न्याय होता. आता वतन तर जन्माने येत असे, आणि ते बुडाले हे समाजाच्या दृष्टीने योग्यच झाले. मग जो हक्क जन्माने नव्हे तर स्वतःच्या घामाने, एकेका दिवसाच्या हजेरीने मिळविला, त्याच्या मोबदल्यास गरजेची अट घालणे कोणत्या न्यायात बसते?

येथे वाचक विचारील की, भरपाई जर ऋणच असेल, तर दुसरी जागा नाकारली म्हणून ते ऋण बुडावे तरी का? अन्यत्र मिळालेल्या नोकरीने जे बुडत नाही, ते त्याच मालकाच्या देकाराने का बुडावे? आमच्या मते या शंकेचे उत्तर ऋणाच्या कल्पनेतच आहे. तुमचे घड्याळ माझ्या हातून हरवले तर मी त्याची किंमत देणे लागतो. परंतु मी तेच घड्याळ, किंवा हुबेहूब तसेच घड्याळ, तुमच्यापुढे आणून ठेवले, तर तुम्हांस किंमत मागता येत नाही. तुम्ही स्वतःच्या पैशाने दुसरे घड्याळ विकत घेतले असेल, तर मात्र माझे देणे काही कमी होत नाही. हाच न्याय येथे लागू आहे. मालक जेव्हा दुसरी जागा देऊ करतो तेव्हा तो दान करीत नसतो. मोडलेली वस्तू परत देण्याचा तो एक प्रयत्न असतो. तो प्रयत्न सफळ झाला तर ऋण फिटले. म्हणून सारा प्रश्न एका ठिकाणी येऊन ठेपतो: जे परत दिले जात आहे ते खरोखर तेच आहे काय?

हे पाहण्यास १९६९ मधील केंट परगण्याच्या कौन्सिलविरुद्धचा खटला फार उद्बोधक आहे. मुलांच्या एका शाळेचे हेडमास्तर. त्यांची शाळा मुलींच्या शाळेत मिळविण्यात आली आणि एकत्र शाळेस दुसरा मुख्याध्यापक नेमला गेला. कौन्सिलने त्यांस फिरत्या शिक्षकांच्या ताफ्यात जागा देऊ केली. ज्या शाळेत शिक्षक कमी पडेल तेथे जावे, गरज सरली की दुसरीकडे जावे, असे ते काम. पगार मात्र हेडमास्तरचाच कायम राहणार होता. त्यांनी ही जागा नाकारली. खालच्या न्यायाधिकरणास देकार योग्य वाटला. परंतु वरच्या न्यायालयाने तो अयोग्य ठरविला. मुख्य न्यायमूर्ती लॉर्ड पार्कर यांचे म्हणणे असे की, योग्य नोकरी म्हणजे गेलेल्या नोकरीशी सारभूत गोष्टींत तुल्य असलेली नोकरी. एखाद्या कंपनीच्या संचालकास माती खणण्याचे काम देऊन ‘पगार मात्र संचालकाचाच देतो’ असे म्हटले, तर त्या देकारास कोणी योग्य म्हणणार नाही, हा दाखलाही त्यांनी दिला.

हा निकाल आम्हांस इतका महत्त्वाचा वाटतो याचे कारण, घरोघरी विचारल्या जाणाऱ्या ‘पगार तोच आहे ना?’ या प्रश्नास त्याने उत्तर दिले आहे. पगार हा नोकरीचा मोजता येणारा भाग आहे म्हणून तोच तिचा सर्वस्व भाग आहे, असे आपण मानू लागतो. हेडमास्तर म्हणजे अमुक रुपये किंवा अमुक पौंड नव्हे. सकाळी घंटा होताना फाटकाशी उभे राहण्याचा, कोणत्या मुलास काय शिकवावे हे ठरविण्याचा, गावातील पालकांनी वाटेत थांबवून दोन शब्द विचारण्याचा जो अधिकार, तो त्या जागेचा प्राण आहे. तो काढून घेऊन त्याची खोळ परत करणे म्हणजे घड्याळाची यंत्रे काढून ठेवून नुसते घर परत करण्यासारखे आहे.

परंतु जागा सर्वसामान्य दृष्टीने योग्य असूनही तिला नकार देण्यास त्या विशिष्ट मनुष्यापाशी वाजवी कारण असू शकते, आणि कायद्याने दोन निरनिराळे शब्द योजले आहेत ते याचसाठी. योग्यता ही जागेकडे पाहून ठरते. नकाराचा वाजवीपणा त्या माणसाच्या ठिकाणी उभे राहून ठरवावा लागतो. १९९३ साली निकालसंग्रहात आलेल्या केंब्रिजच्या एका सहकारी संस्थेच्या प्रकरणात संस्थेचे मांसविक्रीचे स्वतंत्र दुकान चालविणाऱ्या व्यवस्थापकास, ते दुकान बंद झाल्यावर, एका मोठ्या भांडारातील मांसविभागाचे प्रमुखपद देऊ केले होते. तेथे त्याच्यावर भांडाराचा व्यवस्थापक असणार. त्यास यात आपली पत खाली जाते असे वाटले व त्याने नकार दिला. अपील ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने असे धरले की, जागा बाहेरून पाहणाऱ्यास योग्य दिसत असली तरी त्या मनुष्यास पत गेल्याची जी जाणीव झाली तिच्या आधारे त्याचा नकार वाजवी ठरू शकतो. ज्याने दुकानाची किल्ली वर्षानुवर्षे स्वतःच्या खिशात बाळगली, त्यास दुसऱ्याने दार उघडण्याची वाट पाहत बाहेर उभे राहणे काय असते, हे त्याच्याच जागी उभे राहिल्याखेरीज कळत नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो सज्जनांकडून येतो म्हणून त्याचा विचार आदराने केला पाहिजे. आक्षेप असा की, ही सारी खोट्या प्रतिष्ठेची जोपासना आहे. कोणतेही काम हलके नाही; श्रमाची लाज बाळगणारा मध्यमवर्ग आधीच आपल्या अहंकाराने पोखरला आहे; त्यास ‘पत’ या नावाखाली काम नाकारण्याचे आणि वर पैसे घेण्याचे उत्तेजन कशाला द्यावे? शिवाय काळ बदलतो, यंत्रे बदलतात. जुन्या जागांस कवटाळून बसणारे लोक उद्योगाची वाट अडवितात. श्रमशक्ती जेथे हवी तेथे वाहती असली पाहिजे, हा १९६५ च्या इंग्रजी कायद्याचाही एक उद्देश होताच.

या आक्षेपाचा उत्तरार्ध आम्हांस बहुतांशी मान्य आहे. जागा अमर असाव्यात असे आम्ही म्हणत नाही. उद्योगास जागा मोडण्याचा अधिकार असावा; परंतु मोडण्याचा खर्च ज्याच्या फायद्यासाठी मोडतोड होते त्याने सोसावा, जो मोडला जातो त्याने नव्हे, एवढेच आमचे म्हणणे आहे. पूर्वार्धाविषयी मात्र एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. कोणतेही काम हलके नाही, हे वचन खरे आहे. परंतु ते मनुष्याने स्वतःस सांगावयाचे वचन आहे, दुसऱ्यास ऐकवावयाचे नव्हे. मुंबईच्या गिरणगावात १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर आणि पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्यानंतर साच्यावर हात बसलेले कित्येक विणकर पहारेकरी झाले, कित्येकांनी भाजीच्या पाट्या उचलल्या. त्यांनी ते काम लाज न बाळगता केले, ही त्यांची थोरवी होय. परंतु त्यांच्या थोरवीचे भांडवल करून ‘तुम्हांस काम मिळाले ना, मग तुमचे काय गेले?’ असे विचारण्याचा अधिकार कोणासही प्राप्त होत नाही. त्यागाची थोरवी तो स्वेच्छेने केला यातच असते. दुसऱ्याने करावयास लावलेल्या त्यागास आपण निराळे नाव देतो.

तथापि नोकराच्या बाजूसही कर्तव्ये आहेत, आणि ती न सांगता त्याच्या हक्काचा पुरस्कार करणे एकांगी होईल. मालकाने प्रामाणिकपणे तुल्य जागा देऊ केली असता केवळ एकरकमी पैसा हाती यावा म्हणून ती झिडकारणे हे परत मिळणारे घड्याळ नाकारून किंमत मागण्यासारखेच आहे. न पाहता, न विचारता, रागाच्या भरात दिलेला नकारही वाजवी म्हणता येत नाही. इंग्रजी कायद्याने येथे एक शहाणपणाची योजना केली आहे. नव्या जागेच्या अटी जुन्याहून भिन्न असतील तर चार आठवडे ते काम करून पाहण्याची मुभा नोकरास असते. या मुदतीत काम मानवले नाही आणि त्याने ते सोडले, तर जुन्या नोकरीवरील त्याचा हक्क केवळ काम करून पाहिले म्हणून बुडत नाही. त्याच्या सोडण्याचे कारण वाजवी होते की नाही एवढेच मग पाहिले जाते. नवे काम शिकावे लागणार असेल तर उभयतांच्या लेखी संमतीने ही मुदत वाढविताही येते. आम्हांस या चार आठवड्यांत मोठे तत्त्व दिसते. एखादी जागा आपणांस योग्य आहे की नाही हे बहुधा कागदावर कळत नाही. ते त्या खुर्चीवर बसून, त्या माणसांत वावरूनच कळते. म्हणून नोकराने परीक्षा पाहावी, आणि परीक्षा पाहिल्याबद्दल त्यास दंड होऊ नये. असा परस्परविश्वास असेल तर नकारातही कटुता राहत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. येथे १९४७ चा औद्योगिक कलहांचा कायदा होता, आणि त्यात १९५३ साली कपातीच्या भरपाईची कलमे घालण्यात आली: एक महिन्याची नोटीस किंवा तितके वेतन, आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षाबद्दल पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. पर्यायी कामाचा प्रश्न या कायद्याने निरनिराळ्या ठिकाणी हाताळला, आणि त्या ठिकाणांची तुलना बोधप्रद आहे. काम तात्पुरते बंद ठेवून कामगारास घरी बसविले असता, म्हणजे ज्यास ले-ऑफ म्हणतात त्या प्रसंगी, त्याच मालकाच्या त्याच गावातील किंवा पाच मैलांच्या आतील दुसऱ्या कारखान्यात देऊ केलेले काम कामगाराने नाकारले तर त्याची भरपाई बुडे. अट एवढीच की, वेतन तेच असावे, आणि त्या कामास विशेष कौशल्य वा पूर्वानुभव लागत नाही व तो कामगार ते करू शकतो, असे मालकाचे मत असावे. मालकाचे मत! परत दिलेली वस्तू तीच आहे की नाही, हे ज्याने ती हरवली त्यानेच ठरवावयाचे. शिवाय ज्यास कौशल्य लागत नाही ते काम कुशल कारागिरास देऊ करणे हीच येथे योग्यतेची खूण मानली गेली. तात्पुरत्या प्रसंगी हे एक वेळ चालेल. परंतु ही दृष्टी कायमच्या प्रसंगी पसरली तर ऋणाचा विचार जाऊन अन्नछत्राचाच विचार उरेल.

याउलट त्याच कायद्यातील खाणींविषयीची तरतूद पाहा. खनिज संपल्यामुळे खाण बंद झाली असता मालकाने जर त्याच दिवसापासून, त्याच वेतनावर व त्याच शर्तींवर दुसरे काम दिले, नोकरीत खंड पडू दिला नाही, आणि पुढे कधी कपात झाली तर मागील सर्व वर्षे धरून भरपाई देण्याचे दायित्व पत्करले, तरच तो त्या वेळच्या भरपाईतून मुक्त होई. येथे वस्तू खरोखर परत दिली आहे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागील वर्षांची ठेव नव्या जागेत जशीच्या तशी वळती केली आहे.

या तत्त्वापर्यंत येण्यास आपल्या कायद्यास महाराष्ट्रातील एका छोट्या रेल्वेमार्गाची वाट चालावी लागली, हे फारसे कोणास आठवत नाही. १८९७ साली सुरू झालेली, पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत गेलेली बार्शी लाईट रेल्वे अनेक वारकऱ्यांच्या पिढ्यांस ठाऊक होती. १ जानेवारी १९५४ पासून ती सरकारने आपल्या ताब्यात घेतली. कंपनीने आपल्या नोकरांस आधीच्या नोव्हेंबरात नोटिसा दिल्या होत्या, की ३१ डिसेंबर १९५३ रोजी तुमची नोकरी संपेल. आणि जे राजी असतील त्यांस सरकार आपल्या शर्तींवर कामावर घेईल. बहुतेकांनी ती नोकरी पत्करली; काहींनी नाकारली. गाडी तीच, रूळ तेच, कंदील तेच. परंतु मागील सेवेबद्दल जुन्या कंपनीने भरपाई द्यावी की नाही, यावर वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २७ नोव्हेंबर १९५६ रोजी निकाल लागला की, चालू उद्योगातून जास्तीचे नोकर कमी करणे म्हणजे कपात. उद्योगच बंद झाला किंवा दुसऱ्याच्या हाती गेला तर ती कपात नव्हे. सबब भरपाई नाही.

न्यायालयाने शब्दाचा अर्थ सांगितला. न्यायाची उणीव संसदेने ओळखली. १९५७ साली कायदा दुरुस्त करून उद्योग हस्तांतरित झाला किंवा बंद पडला तरी भरपाई द्यावी असे ठरविण्यात आले. हस्तांतराच्या प्रसंगी मालकास सूट मिळावयाची ती तीन अटींवर: सेवेत खंड पडू नये, नव्या शर्ती जुन्यांहून कमी हिताच्या नसाव्यात, आणि नव्या मालकाने मागील सेवा आपली मानून तिच्या भरपाईचे दायित्व घ्यावे. म्हणजे ऋण बुडाले नाही, फक्त ऋणको बदलला. ही दुरुस्ती मागील तारखेपासून, २८ नोव्हेंबर १९५६ पासून, अंमलात आली असे मानण्यात आले. ज्यांच्या वादामुळे हा कायदा झाला त्यांचा निकाल आदल्याच दिवशी लागला होता. बार्शीच्या त्या रेल्वेनोकरांनी पेरले, आणि कापणी पुढे येणाऱ्यांनी केली.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. पंधरा दिवसांच्या वेतनाचे माप तिच्यातही आहे. शिवाय कपात झालेल्या कामगारास नवे कौशल्य शिकता यावे म्हणून मालकाने आणखी पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम एका निधीत भरावी अशी नवी तरतूद आहे. दुसऱ्या कामास जावयाचे तर शिकावे लागते, आणि शिकण्याचा खर्च एकट्या कामगाराने सोसू नये, ही कबुली स्वागतार्ह होय. परंतु आमच्या वाचकांनी एक गोष्ट विसरू नये. ही कलमे कायद्याच्या व्याख्येतील कामगारासाठी आहेत. मुख्यतः व्यवस्थापनाचे वा प्रशासनाचे काम करणारा त्या व्याख्येबाहेर राहतो, आणि ठराविक वेतनाहून अधिक वेतन घेणारा पर्यवेक्षकही बाहेर राहतो. सुशिक्षित कुटुंबांतील पुष्कळांस, त्यांच्या नावापुढे लागलेल्या मोठ्या हुद्द्यामुळेच, या छत्राखाली जागा नाही. त्यांस आपल्या करारपत्रात जे लिहिले असेल तेवढाच आधार. सही करताना ते पत्र वाचण्याची सवय आपल्यात किती आहे, हे ज्याने त्याने आपल्या मनास विचारावे.

आणि जेथे कायदा नाही तेथे नीती तरी आहे. मालकाच्या बाजूने ती असे सांगते की, दुसरी जागा देऊ करताना पगाराबरोबर आणखी चार गोष्टींचा विचार करावा: त्या माणसाची विद्या व हात तेथे उपयोगी पडेल काय, त्याचा मान राहील काय, त्याच्या घरापासून ती जागा किती लांब आहे, आणि त्याची मागील वर्षे तेथे मोजली जातील काय. यांपैकी जे देता येत नसेल ते मोकळेपणाने सांगावे आणि त्याची किंमत द्यावी. नोकराच्या बाजूने ती असे सांगते की, देकार ऐकावा, जमल्यास काम करून पाहावे, आणि नाही म्हणावयाचे तर कारण सांगून म्हणावे. कुटुंबाच्या बाजूनेही तिचे एक सांगणे आहे. मिळते ते घे, असा आग्रह धरण्यापूर्वी, त्या माणसाचे काय जात आहे हे एकदा त्याच्याच तोंडून ऐकून घ्यावे. पुष्कळदा तो शेवटी ती जागा पत्करीलही. परंतु आपले म्हणणे कोणी ऐकले या समाधानाने पत्करील.

देकार आणि हुकूम यांत भेद तो हाच. ज्यास ‘नाही’ म्हणता येते त्याच्या ‘होय’ला काही किंमत असते. नकाराचा वाजवी हक्क राखून ठेवल्याने लोक काम टाकून घरी बसतील ही भीती आम्हांस निराधार वाटते. उलट ज्यास आपली मागील वर्षे सुरक्षित आहेत हे ठाऊक आहे, तोच नव्या जागेवर मोकळ्या मनाने पाऊल ठेवतो. दुसरी जागा ही पहिल्या हक्काची शत्रू नव्हे. तिने त्या हक्काचा मान राखला पाहिजे, एवढेच.